गाण्यातून गेलेलं नाव

कार्तिकात धान कापायला आला की मला थकवा येतो. वयाचा थकवा वेगळा. तो बाराही महिने घरातल्या माणसासारखा वावरतो. हा हंगामी आहे. बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी आटतं, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत पिवळं पडतं, हवेत कापलेल्या धानाचा गोडसर, जरा ओलसर वास सुटतो आणि मला वाटायला लागतं, आता मंडई भरणार, कर्णे लागणार आणि कुठून तरी ते गाणं ऐकू येणार. मग येतंच. इतकी वर्षं झाली, त्यानं मला एकदाही चुकवलेलं नाही.

आवडीच्या गाण्याचा कंटाळा येत नाही म्हणतात. असेल. पण हे गाणं माझ्या आवडीचं की नावडीचं, हेच मला आजवर ठरवता आलं नाही. ते लागलं की मी हातातलं काम सोडत नाही. भाजी निवडत असले तर निवडत राहते. फक्त कान तिकडे जातात आणि दोन ओळी होईपर्यंत परत येत नाहीत.

यंदा ते टीव्हीवर लागलं. मुलगा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "आई, जल्दी ये, आजोबाचं गानं लागलं सीरियलमध्ये." माझे गुडघे मला तिथवर नेईपर्यंत साबणाची जाहिरात सुरू झाली होती. मग त्यानंच सांगितलं. एक मुलगा मोटारसायकलवर बसलेला असतो, मुलगी बसची वाट पाहत असते, दोघांचं बोलणं बंद झालेलं असतं आणि मागून हळूहळू आपलं गाणं वाजतं. गिटारवर. "मस्त बसवलं, आई. एकदम सही जागेवर." गाण्याच्या जागेबद्दल बोलण्याची ही आवड त्याच्यात आजोबांकडून, म्हणजे माझ्या बाबांकडून, आली असावी. मग तो नेहमीच्या मुद्द्यावर आला. आता म्हणे अशा गाण्यांना फार मागणी आहे. एकदा सिनेमात गेलेलं गाणं मालिकेत जातं, मालिकेतून जाहिरातीत जातं, आणि ज्याचं नाव त्यावर असतं त्याचं घर बसल्याजागी चालतं. आपल्या गाण्यावर मात्र 'पारंपरिक' एवढंच लिहिलेलं आहे.

"आजोबानं तेव्हाच नाव लावून घ्यायला पायजे होतं," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? आजोबाचं."

मी म्हटलं, चहा ठेवते. याच्यावर बोलायचं म्हणजे फार मागं जावं लागतं, आणि तेवढी ताकद रोज नसते.

पुण्या-मुंबईकडच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी दिसते. आमच्याकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतर एकेका गावाचा एकेक दिवस. लवकर पिकणारे हलके धान घरात आलेले असतात, उशिरा पिकणारे भारी धान अजून उभे असतात, मधल्या फटीत माणसाला जरा पाठ सरळ करता येते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात आणि काही मोडतातही. उकडलेले शिंगाडे पाटीभर काळेभोर मांडलेले असतात. ते सोलून सोलून बोटं काळी होतात आणि ती काळी बोटं दुसऱ्या दिवशीही सांगतात की ही बाई मंडईला गेली होती. आणि भर दुपारी, उन्हात, गावाच्या मधोमध दंडार उभी राहते. गाणी, सोंगं, नाच, मध्येच एखादी कथा. बायांची कामंही पुरुषच करायचे. माझ्या लहानपणी आमचा भाग मध्य प्रदेशात होता, गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, आणि आमच्या गावात, बोदलकश्याच्या तलावाच्या अलीकडे, दंडार माझ्या बाबांची होती.

बाबांना शेतीतलं जेवढं कळायचं त्याच्या दुप्पट गाण्यातलं कळायचं. माय म्हणायची, उलटं असतं तर बरं झालं असतं. ते गाणी रचायचे थोडी, गोळा करायचे फार. पण त्यांचं खरं डोकं चालायचं ते गाणं कुठे टाकायचं यात. "गान्याले जागा लागते गा," ते सोमाला सांगायचे. सोमा म्हणजे आमचा शेजारी. अंगानं आडमाप, मिशा काढल्या की मात्र असा काही बाईचा चेहरा निघायचा की त्याची बायकोच लाजायची. दंडारीतली रडकी कामं सगळी त्याच्याकडे. बाबा त्याला समजावायचे, "मरनाच्या वक्ती गानं टाकलं तं लोक रडतेत, नाक पुसतेत अन् बिडी पेटवतेत. संपलं. मरन होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी ते बाई कामावर जाते, तिथं गानं टाक. मंग लोक ते गानं घरी नेतेत." हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याच घरात ते त्यांनी पाहिलं होतं.

मला एक भाऊ होता. माझ्यानंतरची दोन बाळं राहिली नाहीत, आणि मग हा झाला. आमच्याकडे अशा पोराला चांगलं नाव देत नाहीत. चांगल्या नावावर मरणाची नजर जाते. जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर टेकवायचं, टाकून दिलंय असं दाखवायचं आणि दुसऱ्या बाईनं ते सापडलेलं म्हणून उचलून आणायचं. आमच्या शेजारच्या ठमाबाईनं त्याला तसं उचलून आणलं आणि मायच्या ओटीत घातलं. उकिरड्याला आमच्याकडे उकंडा म्हणतात, तेच नाव ठेवलं. मायचा उकंड्या. त्याचे केस भुरे होते आणि तो बोलायला लागला तेव्हापासून एकच प्रश्न विचारायचा, "मी येऊ का?" माय कुठेही निघाली की, मी येऊ का. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत तो धुऱ्यावर बसून राहायचा आणि तिथून ओरडायचा. चिखलात उतरायची त्याला परवानगी नव्हती.

एका रोवणीला त्याला ताप आला. परे, म्हणजे लावायची रोपं, उपटून ठेवले होते, आणि उपटलेले परे माणसासाठी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पिवळे पडतात. माय त्याला ठमाबाईच्या हवाली करून बांधीत गेली. दुपारी ठमाबाई धुऱ्यावरून पळत आली. माय पोटरीपर्यंत चिखलात होती. तिला तो चिखल सोडवून धुऱ्यावर यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ तिच्या आयुष्यात पुन्हा कधी इतका लांब झाला नसेल. घरी पोचलो तेव्हा तो राहिला नव्हता. त्याचा फोटो नाही. आमच्या गावात तेव्हा फोटो कोणाचाच नव्हता, जिवंताचाही नाही.

पुढच्या वर्षीच्या रोवणीत तिनं ते गाणं म्हटलं. रचलं असं मी म्हणणार नाही. बाया ओळीनं वाकून मागे मागे सरकत रोवतात. एकजण ओळ टाकते, बाकीच्या ती उचलतात. पुढची बाई थांबली, कोणीतरी ओळ टाकायची होती, आणि मायच्या तोंडून हाक निघाली:

ये गा उकंड्या, धुऱ्यावर ये,
चिखलात माये पाय, तूच इकडं ये.

बायांनी ती उचलली. कोणी हात थांबवला नाही. मी परे वाहत होते. मला आठवतं की त्या दिवशी रोवणी नेहमीपेक्षा सरळ रेषेत झाली. बाबा डोक्यावर पऱ्यांचा भारा घेऊन धुऱ्यावर उभे होते आणि भारा उतरवायचा विसरले होते. त्यांनी त्या दिवाळीत मायला विचारलं, "दंडारीत टाकू का वो हे?" माय चुलीपुढे होती. ती म्हणाली, "टाका. नाव बदलू नका."

बाबांनी नाव बदललं नाही आणि जागाही हेरून दिली. कथेतली आई मेलेल्या पोराच्या दुसऱ्या दिवशी बांधीत उतरते. सोमा कमरेत वाकतो, परे रोवल्यासारखे हात हलवतो आणि हाक मारतो. आमच्या भागात ते नाव ऐकल्यावर आणखी काही सांगावं लागत नाही. उकंड्या म्हटलं की आधी गेलेली लेकरं आली, उकिरडा आला, उचलून आणणारी शेजारीण आली, आणि एवढं करूनही गेला, हेही आलं. गर्दीतल्या बायांचे पदर एकदम वर जायचे. माय रडायची नाही. ती पाठ ताठ करून ऐकायची आणि घरी जाताना एवढंच म्हणायची, "आज सोमानं बरोबर हाक मारली." चार-सहा गावांच्या मंडईत वर्षातून एकदा तिच्या पोराच्या नावानं कोणीतरी मोठ्यानं हाक मारत होतं. त्यावर ती पुढचं वर्ष काढायची.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमच्या मंडईला एक पाहुणे आले. गोंदियाच्या एका मिलमालकाकडे उतरले होते, पांढरी पँट, खिशात पेन, सिनेमाच्या कंपनीत बाजाची पेटी वाजवायचे. दंडार झाल्यावर ते बाबांजवळ आले आणि गाणं पुन्हा म्हणायला सांगितलं. सोमानं म्हटलं. लुगडं नेसलेला, घामाघूम, अर्धी मिशी परत रंगवलेली.

"उकंड्या म्हणजे?" पाहुण्यांनी विचारलं.

बाबांनी सगळं सांगितलं. आमचंच पोर, हेही सांगितलं.

"फारच हृद्य आहे हो," पाहुणे म्हणाले. "आमच्या चित्रपटात हे गेलं पाहिजे." आता मला माहीत झालंय की जो माणूस चटकन हृद्य म्हणतो त्याच्याकडून पुढचं काम होत नाही. तेव्हा आम्हाला तो शब्दच नवीन होता.

पैशाची गोष्ट निघाली नाही. निघाली असती तर बाबांना अपमान वाटला असता. लेकरावरचं गाणं होतं ते. त्यांनी फक्त हात जोडले. "जागा पाहून टाका जी. अन् नाव राहू द्या."

"अहो, बघतो ना. गाण्याला न्याय मिळेल, काळजी करू नका."

घरी येऊन बाबा मायला म्हणाले, "तुया गान्याले सिनेमात जागा भेटली वो." माय शिंगाडे सोलत होती. "नाव राहीन ना?"

"सांगतलं त्याईले."

"मंग जाऊ द्या," ती म्हणाली. "लय गावाईत जाईन तो."

ती 'ते' म्हणाली नाही, 'तो' म्हणाली. मला ते तेव्हाच ऐकू आलं होतं.

आणि मग पुढचा कार्तिक. मला एकच हंगाम विसरायला सांगितला तर मी तो निवडेन. सिनेमा गोंदियाला येणार, अशी बातमी आली. बाबांनी आजूबाजूच्या गावांना सांगून ठेवलं. पुढच्या मंडईला दंडारीच्या आधी पुकारा कसा करायचा, हेही त्यांनी ठरवलं होतं: सिनेमात गेलेलं गाणं, ज्यांचं त्यांच्या तोंडून. तेव्हा पोरं दंडार सोडून सिनेमाच्या तंबूत पळायला लागली होती, आणि बाबांना वाटत होतं की आपलं गाणंच तंबूत शिरलं तर पोरं त्याच्या मागे मागे परत येतील. त्यात चूक काय होती, मला आजही सांगता येणार नाही. माणूस आपल्याजवळ जे असतं त्याचंच करणार.

बैलगाड्या जुंपल्या. गाडीत तनस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली होती. तिची खाज मला तीन-चार दिवस पुरली. बायांनी पोहे बांधून घेतले. माय आपलं ठेवणीतलं लुगडं नेसली होती, जे ती लग्नाघरीच नेसायची. वाटेत ठमाबाईनं विचारलं, "सिनेमात पोरगा दिसन का वो, का नुस्तं नाव येईन?" माय म्हणाली, "नाव आलं तरी झालं." गोंदिया जवळ आल्याची खूण म्हणजे मिलमधल्या उकडलेल्या धानाचा वास. तो आला आणि गाड्यांमधलं बोलणं कमी झालं. स्टेशनाजवळ एक टांगा फिरत होता, त्यात कर्णा घेतलेला माणूस हिंदीत ओरडत होता की आज का खेल, सामाजिक, संगीतमय, माँ-बहनों के लिए अलग इंतजाम. बाबा त्या टांग्याकडे असे बघत होते जसं काही तो त्यांच्यासाठीच फिरत होता.

तंबूत आम्ही पुढे जमिनीवर. मायच्या एका बाजूला मी, दुसरीकडे ठमाबाई. संध्याकाळचा पहिला खेळ. मायनं याआधी सिनेमा पाहिला नव्हता, त्यामुळे तिला प्रत्येक माणूस इतका मोठा का आहे, याचंच आधी नवल वाटत राहिलं. मध्यंतराच्या जरा आधी नदी आली. नटी आली, पायात पैंजण. बाजा सुरू झाला, आणि बाबांचा हात मांडीवर ताल धरायला गेला.

ये रे राजा, नदीवर ये,
पैंजणात माझे पाय, तूच इकडे ये.

पुढच्या ओळी काय होत्या ते मी सांगत नाही. चांदणं होतं त्यात. चाल आमचीच होती, फक्त तिला घाई झालेली होती. नटीनं पैंजण अडकल्याचं दाखवलं, नट झुडुपातून आला, मागच्या बाकांवरून शिट्ट्या पडल्या. बरेच लोक तेवढ्यात बिडी ओढायला बाहेर गेले. बाबांचा हात मांडीवर तसाच होता, ताल सुटलेला. सोमा त्यांच्याकडे बघत होता, आणि ते पडद्याकडेही बघत नव्हते.

माय मात्र बघत होती. मध्यंतर झालं, पुन्हा अंधार झाला, लग्न लागलं, भांडण झालं, समेट झाला. ती पाठ ताठ करून बसली होती, मंडईत बसायची तशी. शेवटी पडदा पांढरा झाला, लोक उठले, आणि ती बसूनच राहिली. मी म्हटलं, "चाल ना माय." ती म्हणाली, "हे झालं. आपलं कधी येते?"

रात्री मिलच्या आवारात मुक्काम होता. सकाळी बैलांना पाणी दाखवून आणल्यावर बाबांनी सांगितलं. "तेच होतं वो ते. नदीवालं."

"तेच कसं?" माय म्हणाली. "त्यात तो कुठं होता?"

बाबांनी गाडी जुंपली. परतीच्या वाटेवर कोणी काही बोललं नाही असं लिहिणं सोपं आहे, पण खरं तसं झालं नाही. पोरी ते गाणं म्हणत होत्या. मीही म्हणत होते. पैंजणवालं. ते ओठांवर बसायला सोपं होतं, करणार काय.

त्या वर्षी बाबांच्या दंडारीला कधी नव्हती एवढी बोलावणी आली. सिनेमावाली दंडार, असंच लोक म्हणायला लागले. पहिल्याच मंडईत सोमा कमरेत वाकला, हाक मारली, आणि गर्दीतून आवाज आला, "शब्द चुकून राहिले बाप्पा. राजा म्हना, राजा." लोक हसले. वाईट हेतूनं नाही. त्यांना खरंच वाटलं, खेड्यातली माणसं, सिनेमाचं गाणं उचललं पण शब्द धड आले नाहीत. सोमा गोंधळला, त्यानं तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा हसले. पुढच्या गावात बाबांनी तोड काढली. सुरुवातीलाच सिनेमातले शब्द घेऊन गाणं उरकायचं आणि आपलं गाणं आपल्या जागी ठेवायचं. पण एकच चाल दोनदा आली की लोक पेंगायचे. मग एक वगळायला लागलं. कोणतं वगळलं, ते तुम्हाला सांगायला नको.

"लोक येऊन तं राहिले ना," बाबा घरी म्हणाले. कोणी काही विचारलेलं नव्हतं. "पोरं परत येऊन राहिली. दंडार टिकली तं पुढं कधी नाव टाकता येईन." ते मायकडे बघून बोलत होते. माय म्हणाली, "हो जी," आणि पुढच्या मंडईला ती आली नाही. पाय दुखतात म्हणाली. त्यानंतर कार्तिकात तिचे पाय दरवर्षी दुखायचे.

मला बाबांचा राग आला होता का? आला असेल. आता उतरलाय. जागेबद्दल बोलणं त्यांनी सोडलं, सोमानं विचारलं की म्हणायचे, "टाक कुठंबी." ज्या माणसानं सगळं आयुष्य एका गोष्टीला जपलं तो 'कुठंबी' म्हणायला लागला की त्याच्यावर रागावण्यासारखं काही उरत नाही. आणि दंडार काही टिकली नाहीच.

मंडई सुटली तरी बांधी उरली होती. पण तिथेही ते सिनेमावालं पोचलं. आषाढात बाया ओळीनं वाकल्या, माय पुढे होती, तिनं ओळ टाकली, ये गा उकंड्या. आणि मागून नव्या सुना-पोरींनी ती उचलली, ये रे राजा. माय थांबली नाही. तिनं दुसऱ्यांदा टाकली. पुन्हा तेच परत आलं. त्या पोरींच्या मनात काही नव्हतं. चाल आली की तोंडातून तेच शब्द निघायचे. एक नाव पुढे जायचं आणि दुसरंच परत यायचं. असं थोडा वेळ चाललं आणि मग माय म्हणाली, "तुमीच म्हना वो, माया घसा बसला." त्यानंतर ती ओळीच्या शेवटी उभी राहायची. तिथून ओळ टाकायची नसते.

मग माझं लग्न झालं, नागऱ्याजवळच्या गावी. पहिलं बाळ राहिलं नाही. त्याबद्दल मला लिहायचं नाही. दुसऱ्या वेळी माहेरी आले आणि हा झाला, आज टीव्हीसमोर बसतो तो. बारशाच्या दिवशी शेजारच्या बाया जमल्या. त्याच रोवणीतल्या बाया, हात धुऊन, कुंकू लावून. पाळणा बांधला होता. सासरहून नाव ठरवून पाठवलं होतं, चांगलंच नाव होतं. ठमाबाई तेव्हा फार थकली होती, पण ती काठी टेकत आली आणि पाळण्याजवळ बसून म्हणाली, "मी काय म्हनतो, याचं नाव उकंडा ठेवा. एक गेलंच ना हिचं. मी नेतो बाहेर, टेकवतो, उचलून आनतो. हाडं अजून चालतेत माझे."

सगळ्या बाया मायकडे बघायला लागल्या. मी पण. मला वाटलं, होय म्हणेल. मला वाटलं, कुठेच न उरलेलं ते नाव आता घरात परत येईल, दिवसातून शंभरदा घेता येईल, ओरडून, रागावून, जेवायला बोलावून. तिला याहून काय हवं असणार. खरं सांगायचं तर मीच हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नाही," माय म्हणाली. "एकदा ठेवून पायलं. त्यानं कोनी वाचत नाही."

ठमाबाईनं मान खाली घातली. कोणीतरी पाळण्याची दोरी मायच्या हातात दिली. पाळण्याचं गाणं तेव्हा आमच्या भागात एकच झालं होतं, त्याच चालीवरचं. राजा काय, प्रियकरालाही चालतो आणि बाळालाही चालतो. बाया वाट बघत होत्या की कोणीतरी ओळ टाकावी. ती कोणी टाकावी, कोणते शब्द टाकावे, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं, आणि म्हणून कोणी टाकत नव्हतं.

मायनं टाकली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. ये रे राजा, ती म्हणाली. सिनेमातले शब्द, एकही न चुकता. चाल मात्र तिची, रोवणीच्या संथ हाताची. बायांनी उचलली. या वेळी पुढे गेलं तेच परत आलं.

बाया गेल्यावर ती बाळाच्या टाळूला तेल लावत बसली होती. मी विचारलं, "माय, तू ते सिनेमावालं काऊन म्हटलीस?"

तिनं वर बघितलं नाही. "त्या नावानं मी लय बोलावलं. ज्याले बोलावलं तो आला नाही. याले तेच नाव घेऊन कायले बोलावू?" मग पुन्हा तेलाचं बोट टाळूवर ठेवत म्हणाली, "हा राहिला पायजे."

तो राहिला. साठी ओलांडली त्यानं, साखर आहे, रोज एक तक्रार आहे, आजोबांनी नाव लावून घ्यायला हवं होतं हे पालुपद आहे. पण आहे. सिनेमावाल्यांनी माझ्या भावाचं नाव गाण्यातून काढलं, हे खरं. पण माझ्या मुलासाठी ते तिथे परत घालायचं नाही, हे माझ्या मायनं स्वतः ठरवलं. म्हणून कार्तिकात ते गाणं लागलं की मला धड रागावताही येत नाही.